चिंधा तांबटाच्या दाढेचं तिसरं मूळ

१९७१च्या उन्हाळ्यात सोनगीरच्या चिंधा तांबटाने पंधरा दिवस हातोडी धरली नाही. हंड्यावर घाव घातला की तो थेट त्याच्या खालच्या डाव्या दाढेत वाजायचा. शेजारी म्हणाले, उपटून टाक. पण चिंधा गळका हंडासुद्धा मोडीत काढणारा नव्हता. एसटी धरून तो धुळ्याला दातांच्या डॉक्टर कुंदाबाईंकडे गेला.

बाई म्हणाल्या, "दाढ वाचेल. मुळांमधली सडलेली नस काढू, पोकळी साफ करून भरून टाकू."

खालच्या दाढेला मुळं दोन. दोन खेपांत दोन्ही साफ झाली, तरी ठणका जाईना. तिसऱ्या खेपेला बाई आरशाच्या दांडीने दाढ ठोकून बघत होत्या, तेव्हा चिंधाने त्यांना थांबवलं.

"बाई, परत ठोका. आठे मांगे, आतला कोपराले." त्याने डोळे मिटून ऐकलं. "आठेच आवाज येगळा शे. चिरेल भांडं असंच बोलस."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी एक्स-रे तिरपा धरून पुन्हा काढला. ओल्या फिल्मवर दोन मुळांच्या मागे तिसरं दिसलं. बारीक आणि गळासारखं वाकलेलं.

"चिंधाभाऊ, हे मी आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं."

भूल देऊन त्यांनी जिभेच्या बाजूला त्या मुळाचं तोंड शोधलं. सरळ सुई जाईना, म्हणून आधी ती वाकवली, मग ती आत शिरली.

आठवड्याने दाढ भरून झाली. दवाखान्यातून निघाल्यावर चिंधाने फुटाण्यांची पुडी घेतली, डाव्या बाजूने संपवली, मग दुसरी घेतली. एसटीत कंडक्टरला तोंड उघडून दाखवलं. घरी पोचताच बायकोला, इंदिराबाईला म्हणाला, "मना दाढले तीन मुळे शेतस."

"मंग आते तीन माणसंनं खाशी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तो हसत हसत हंडे ठोकत होता. गल्ली बघायला जमली. मग दोन दिवस तो चमचा घेऊन एकेकाच्या दाढा ठोकत, कान लावत हिंडला. आपल्यासारखा आवाज कुणाचाच नाही, असं तो ऐटीत सांगे. किडक्या दाढा मात्र दोघांच्या निघाल्या. त्या दोघांना पुढे घालून चिंधा पुन्हा धुळ्याच्या गाडीत चढला.