तीनमजलीच्या दारातली चप्पल

रडाले सगळ्यात आधी आली ती लांजीची नणंद.
अन् दिवेलागणीले तिचाच डबा मेलेल्या माणसानं पुसून खाल्ला.

थांबा, आधीपासून सांगतो. नात म्हणे, आजी, तू नुसतं बोल, फोन आपोआप लिहिते. मी चौथी शिकली. चुकलं तर हासू नका.

मेन चौकात आता जिथं मोबाइलचं दुकान आहे, तिथं आमच्या बालाघाटचं तीनमजली होतं. मोठं हॉटेल. पाटीवर नाव दुसरंच होतं, पण ते कोणी घेतलं नाई.
खदानीचे साहेब तिथं उतरत. वारासिवनीचे मिलवाले पोरी पाहाचे कार्यक्रम तिथंच ठेवत.
जिन्याले लाल गालिचा, हॉलमधी झुंबर. मी एकदाच वर गेली. झुंबर पाहता पाहता मान धरली, दोन दिवस तेल चोळलं.

माह्या घरचे, म्हणजे तुमचे आबाजी, तिथले महाराज. म्हणजे स्वयंपाकी. लई सालं झाले, आजच्याच तारखेले ते हॉटेल जळलं.

चप्पल घालून रसोईत पाय ठेवाचा नाई, ही त्याइची रीत. दारात चप्पल दिसली की महाराज आत. हॉटेलचे मालक शेठ सुद्धा आत डोकावत नव्हते, चप्पल पाहत.

त्या दिवशी लग्नाची पार्टी होती अन् चिन्नोर तांदूळ संपला. दुसऱ्यानं आणलेला तांदूळ आबाजीले पटत नव्हता, म्हणून सोताच वारासिवनीले गेले.
शेठनं दिवाळीले नवी चप्पल दिलती. ती चावे. म्हणून ती दारातच राहू देली अन् जुनी घालून मागच्या दारानं निघाले.

दुपारी आग लागली. कोणी म्हणे वायर, कोणी म्हणे भट्टी. मले आजपर्यंत समजलं नाई.
पाहुणे सारे बाहेर निघाले.
रसोईच्या दारात चप्पल.

झालं. साऱ्या गावानं आबाजीले जाळून टाकलं.

आपल्यात मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाई, नातेवाईक कडू घास आणतात. नणंद बाजारले आलती, ती कोणाच्या तरी घरून पिठलं-पोळीचा डबा भरून पोचली. वरून कडुलिंबाचा पाला. कोणी मयत पाह्यलं नाई, काई नाई. तिले पहिलेपासून सगळ्याचीच घाई.
बायका गळ्यात पडून राह्यल्या अन् मले रडूच येईना. वाटे, हे सारे कोणाच्या घरी आले?

तेवढ्यात हे दारात. डोक्यावर तांदळाचं पोतं. चौकात पोलिस पुढे जाऊ देईनात, म्हणून सरळ घरी आले.
नणंदेले म्हणतात, "काहून व बाई, कोण गेलं?"

नणंदेनं पदर तोंडात कोंबला.
मंग समजल्यावर पोतं टाकून तसेच शेठकडे पळाले. बंगल्याले कुलूप. शेठचे हात भाजले म्हणून घरचे त्याइले रायपूरच्या दवाखान्यात घेऊन गेलते.
परत आले, डबा उघडला. म्हणे, पिठल्यात मीठ कमी आहे.

शेठ मंग कधी बालाघाटले आलेच नाई.
मी म्हणो, एकदा जाऊन भेटा. आबाजी म्हणत, "कोण्या तोंडानं जाऊ? भट्टी माझी होती. शेठ माह्यावर रागावून गेला."
हे एकच जाईपर्यंत घोकत राह्यले. बाकी माणूस हासरा.

त्याइची जन्मतारीख कोणाले माहीत नव्हती. म्हणून आगीचा दिवसच आम्ही वाढदिवस धरला. दर साली खीर. आता ते गेले, तर ह्या दिवशी खीर करू का हार घालू, मले उमजत नाई. म्हणून दोन्ही करतो.

आज सकाळी तेच करून राह्यली होती अन् दारात गाडी थांबली. एक पोरगी अन् तिचा नवरा. पोरगी शेठची नात निघाली, रायपूरची, शेठनंच धाडलेली. तिले मराठी समजते, बोलता येत नाई.
पिशवीतून लाल कपड्याची गाठोडी काढली, माह्यापुढं सोडली.
आत चप्पल.

"आजी, दादाजी कहते हैं महाराज हमारे यहाँ जल गए। किस मुँह से आते?"

पोरगीनं सांगतलं, आगीच्या दिवशी शेठनं दारात चप्पल पाह्यली अन् आबाजीले काढाले आत घुसले. हात तिथं भाजले. लोकाइनं ओढून बाहेर आणलं, तर ही चप्पल उचलून घेतली. देवाच्या कपाटात ठेवली. दर साली ह्या दिवशी उपास. हॉटेलचं नाव त्याइच्या घरी कोणी घ्याचं नाई, मंग आबाजी वाचले हे सांगन कोण?

हाराचा फोटो पाहून पोरगी रडाले लागली.
मी म्हणलं, "अव नाई व बाई. हे तर दोन साल झाले गेले. खाटेवर. म्हातारे होऊन."

मंग तिनं फोन लावला अन् शेठले सारं सांगतलं. फोन माह्या कानाले लावला.
मंग म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "तो फिर चप्पल किसकी थी?"
मी म्हणलं, "त्याइचीच. चावते म्हणून ठेवून गेलते."

शेठ हासले का रडले, मले कळलं नाई. माझंही तसंच होतं, खिरीचा चमचा हातात अन् डोयाले पदर.

एक हॉटेलात रांधे, एक त्या हॉटेलचा मालक. दोघंही तोंड लपवून बसले, अन् दोघाइवर कोणी रागावलंच नव्हतं.
अहो, ऐकलं का? शेठ रागावला नव्हता.

चप्पल फोटोखाली ठेवली आहे. नात म्हणे, आजी, फोटोखाली चप्पल ठेवतात का? मले माहीत नाई बाई. ठेवली.

तीनमजलीले माझा शेवटचा रामराम. असं हॉटेल मंग बालाघाटात झालं नाई.

पोरगी खीर खाऊन गेली. शेठले घेऊन येते म्हणाली. मी म्हणलं अखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले आणा, त्या दिवशी आपण गेलेल्या माणसाइले जेवू घालतो. आबाजीचं पान मांडतोच, बाजूले शेठचं मांडीन. भात चिन्नोरचाच.

शेठ फोनवर अखाजीले येतो म्हणाले.