पॅकेजवरचं नाव

प्रोग्रॅम बंद पडला की ऑफिसात सगळ्यांची तोंडं उतरत. नानांना मात्र बरं वाटे. "बंद पडना ना, मंग कयनं तरी!" चूक कळली, एवढाच त्यांचा आनंद.

जळगावच्या त्या ऑफिसात मी हिशेब बघायचो. वजनकाट्यांच्या लिनक्स संगणकांसाठी लागणारी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार संच, नाना बांधत, आणि जबाबदार म्हणून त्यांचं नाव त्यावर नोंदलेलं असे. बांधताना कंपायलर आणि लिंकर या प्रोग्रॅम घडवणाऱ्या साधनांना सुरक्षेचे फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, द्यायच्याच, हा त्यांचा हट्ट. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, रकाना ओलांडून लिहिलं तर शेजारचा आकडा बिघडतो ना? फ्लॅग असले की बऱ्याचदा प्रोग्रॅम तिथंच थांबतो." नुसते लिहून त्यांचं भागत नसे. तयार पॅकेज उघडून फ्लॅग खरंच लागलेत का, तेही बघत. ऑफिसचे मालक शेठ चिडवत, "नाना, कुलूप किती वेळा ओढाल?"

ऐन कापसाच्या हंगामात धुळ्याच्या एका जिनिंगमधला काटा अडू लागला. एकाच नावाचे शेतकरी बरेच, म्हणून तिथला माणूस नावापुढे गावही टाईप करी. नाव लांबलं की प्रोग्रॅम थांबे. बाहेर गाड्यांची रांग.

"फ्लॅग काढा," शेठ म्हणाले.

"चूक प्रोग्रॅममध्ये आहे. दोन दिवस द्या."

"तोवर गाड्या तुमच्या अंगणात उभ्या करू?"

नानांनी फ्लॅग काढले नाहीत. शेठनी आपल्या पुतण्याकडून काढून घेतले. काटा चालू लागला, पेढे वाटले गेले. नानांनी पेढा घेतला नाही. "पॅकेजवरून माझं नाव तरी काढा," एवढंच म्हणाले.

"नावानं काय होतं?" शेठ हसले.

पुढे उघड झालं, की लांब नावांच्या पावत्यांवर वजन कमी उमटत होतं. नाव रकान्याबाहेर सांडून शेजारचा आकडा बिघडवत होतं. शेतकरी काट्यावर जमले, तेव्हा शेठ नानांना आणि मला घेऊन धुळ्याला गेले. शेठनी पडद्यावर पॅकेजची माहिती उघडली. जबाबदार म्हणून नाव नानांचं. मी खरं सांगू लागलो, तर शेठ म्हणाले, "तुम्ही हिशेब बघा."

नाना म्हणाले, "मी बांधलेलं बंद पडत होतं."

"बंद पडनारं बांधस, आनी वर सांगस बी!" गर्दीतून कुणी तरी ओरडलं. लोक हसले.

नाना आपल्या गावी, पिंपळनेरला निघून गेले, ते परत आले नाहीत. नंतर प्रोग्रॅमची चूक दुरुस्त झाली, त्यांचेच फ्लॅग पुन्हा लागले, आणि काटा नीट चालू लागला. त्या पॅकेजवर पुतण्याचं नाव आहे. नानांचं नाव काढायला तेव्हा कुणाला दोन मिनिटंही लागली नाहीत.