उपरण्याखालचं मत

सिनेमा, मालिका आणि कादंबरी यांची खरी पारख असलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे आणि तो आमच्या मधल्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर बसतो. नात्याने ते माझे चुलत सासरे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी उभा जन्म दलाली केली. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातात हात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून काय ते ठरवायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. बाजार सुटला, पण ही सवय काही सुटली नाही. सिनेमा कसा होता असं कुणी विचारलं, तर तात्या चारचौघांत चकार शब्द काढत नाहीत. विचारणाऱ्याला जवळ बोलावतात, त्याच्या हातावर उपरणं टाकतात आणि बोटं देतात. एक बोट म्हणजे दावणीला बांधायच्या लायकीचा नाही, तीन म्हणजे चालेल, चार म्हणजे न्याच घरी. एवढी माणसं राबलेली असतात, मोठ्याने बोलून कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. पाच बोटं आजवर कुणालाच मिळालेली नाहीत. त्यांची करंगळी तरुणपणीच कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धी गेली, त्या अर्ध्या करंगळीपर्यंत पोचणारं अजून काही निघालेलं नाही.

नव्या मालिकेचा पहिला भाग ते आवाज बंद करून बघतात. दलाल बोलतच असतो, आपण जनावराची चाल बघावी, हा त्यामागचा हिशेब. एका मालिकेतल्या सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी चार बोटं दिली, कारण ती रडत रडत माहेरी निघाली तरी जाता जाता गॅस बंद करून गेली. पुढे त्या बाईची स्मृती तीनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तात्यांनी माझ्या नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं, उपरणं टाकलं आणि एक बोट परत घेतलं. तो बिचारा विहिरीवरची मोटार चालू ठेवून आला होता.

सिनेमाच्या बाबतीत तर ते फारच कडक. एकदा आम्ही सगळे नगरला गाजलेला सिनेमा बघायला गेलो. नायक म्हशीची धार काढायला बसला आणि आधी पारडू प्यायला न सोडताच बादली भरली. तात्या उठले. उरलेला सिनेमा त्यांनी बाहेर बाकड्यावर बसून वडापाव खाण्यात काढला आणि परतीच्या वाटेवर आम्हाला शेवट विचारायचीही तसदी घेतली नाही. पण पडद्यावर मुलीची पाठवणी लागली, की हाच माणूस उपरण्यात तोंड खुपसून रडतो, मग ती मुलगी खलनायकाची का असेना. त्यांना मूलबाळ नाही. काकू गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली.

कादंबरी ते मधूनच उघडतात. सुरुवात सगळेच चांगली करतात, विकणारा काय आजारी बाजू पुढे करेल होय? मधलं एक पान वाचायचं, याला ते दात बघणं म्हणतात. दात पसंत पडले, तर मग पहिल्या पानापासून वाचायला बसतात आणि खूण म्हणून कडब्याचं पातं ठेवतात. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांत अशी पाती जागोजाग सापडतात. पातं कुठे अडकलंय त्यावरून तात्यांनी कुठे दावं सोडलं ते मला बरोबर कळतं.

आता माझं दुखणं सांगते. लग्न होऊन बारा वर्षं झाली, या घरात तात्यांइतकं वाचणारी मीच एक, तरी मला त्यांनी कधी बोटं दिली नाहीत. बाईमाणसाच्या हातावर उपरणं टाकत नाहीत, हा बाजाराचा रिवाज. मी मत विचारलं, की ते माझ्या नवऱ्याला बोलावत, त्याचा हात धरत आणि तो स्वयंपाकघरात येऊन मला आकडा सांगे. या गृहस्थाने दूध संघाच्या पावतीपलीकडे काही वाचलेलं नाही. कधी कधी तो ओट्यापर्यंत येईतो आकडा विसरे आणि तीन असतील, असं म्हणून पोहे मागे.

शाळेतली नोकरी सांभाळून मी चार वर्षं एक कादंबरी लिहीत होते. बाजारात आपली म्हैस विकायला आणणाऱ्या एका बाईची गोष्ट. पुस्तक झालं. शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली, लोकांनी छान छान म्हटलं. मला त्यात काही राम वाटेना. मला तात्यांचं मत हवं होतं आणि तेही नवऱ्याच्या हातून नको होतं. पहिली प्रत त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती मधूनच उघडली, एक पान वाचलं आणि उशाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून झाडताना मी चोरून पातं बघू लागले. रोज दहा-बारा पानं पुढे सरकत होतं. नव्वदाव्या पानावर ते अडकलं आणि आठ दिवस जागचं हललं नाही. त्या आठ दिवसांत माझ्या हातून दोनदा आमटी खारट झाली. मग एक दिवस ते हललं.

पुढच्या आठवड्यात दुपारी चहा घेऊन गेले, तर पुस्तक मिटलेलं आणि पातं उंबऱ्यात पडलेलं. तात्यांनी हाक मारली. सवयीने नवरा पुढे झाला आणि त्याने हात लांब केला. तात्या म्हणाले, "तू म्हशीला पानी दाखव जा." तो गेला. मग मला कॉटवर बसायला सांगून त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"म्हस विकली ते बरोबर हाय. बाई रडली न्हाई, ते बी बरोबर. पन नव्वदाव्या पानावर तू दाव्यासकट म्हस दिलीस, सूनबाई. दावं देत न्हाईत कुनी. जनावर जातं, दावं घरी ऱ्हातं. त्याबिगर गोठ्यात परत जनावर बांधाया मन होत न्हाई. मी आठ दिस पुढं वाचू शकलो न्हाई."

मला वाटलं, भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाजाराच्या गावात बारा वर्षं राहून मी हे विचारायला विसरले होते. आता बोटं कुठली, असं म्हणून मी कप उचलायला वाकले. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि खांद्यावरचं उपरणं काढून वर टाकलं.

त्यांचा तळवा खरबरीत होता आणि चहाच्या कपाने ऊन झालेला. एकेक बोट त्यांनी सावकाश दिलं. करंगळी लागली नाही, एवढं सांगते. पण त्यांनी मला सूट दिली नव्हती आणि मला भरून आलं ते त्यामुळेच. नवरा गोठ्यातून हात पुसत आला आणि किती, म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, "बाजारातला आकडा बाहेर सांगत नसतात." तात्या भिंतीकडे तोंड करून हसले.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तात्यांनी घरची शेवटची म्हैस विकली. दावं टीव्हीच्या वरच्या खुंटीला टांगलंय. ते समोर कॉटवर बसून मालिका बघतात, आता मात्र आवाज मोठा करून, कारण चाल त्यांना नीट दिसत नाही. मी दुसरी कादंबरी लिहितेय, एकेक प्रकरण झालं की त्यांना वाचून दाखवते. वाचून झालं की उपरणं आता मीच ओढून घेते. त्यांचा हात इतका थरथरतो, की दोन बोटं दिली की तीन, मला कळत नाही. मी विचारत नाही. बराच वेळ हात मात्र सोडत नाही.