खरात गुरुजींनी पोटात ठेवलेली माझी चूक

मी आठवीतल्या एका मुलीला चोर ठरवलं होतं.

ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती. मला आणि खरात गुरुजींना.

गुरुजी परवा गेले. आता ती एकट्यानं पोटात ठेवणं मला झेपत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण मला मेसेज करता, "पोरगी छान लिहिते, कुठे छापायला देऊ?" मी लगेच यादी पाठवतो. रविवारच्या पुरवण्या, मुलांची मासिकं, दिवाळी अंक, हल्ली ऑनलाइनही बरंच काही आहे.

यादीच्या शेवटी एक ओळ असते. "लेखन स्वतःचं असल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला जोडा."

ती ओळ कुठून आली, ते सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका छोट्या दैनिकात मुलांचं पान माझ्याकडे होतं. आठवड्याला एक पान. पण रुबाब असा, की सगळं बालसाहित्य माझ्याच टेबलावरून पुढे जातं.

खरात गुरुजी जाफराबादकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे. मुलांचं लिखाण ते पोस्टानं पाठवत नसत. एसटीनं स्वतः घेऊन यायचे. पोस्टात हरवलं तर पोरांना काय सांगू, म्हणायचे.

एकदा त्यांनी प्रज्ञाचा लेख आणला. काळीपिवळी जीपनं शाळेत जाण्यावर लिहिलेला.

त्यात होतं, "जीप भरल्याशिवाय निघत नाही. म्हणून आम्ही सगळे अजून एक माणूस यायची वाट बघतो. आणि तो आला की त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करतो."

मी दोनदा वाचलं. मग म्हणालो, "गुरुजी, हे तुम्ही लिहिलंय."

"न्हाई साहेब. पोरीनंच लिव्हलंय."

"मग कुठून तरी उतरवलं असेल. आठवीतली पोर असं लिहीत नसते."

वय हे कारण नव्हतंच. खाली तिचं आडनाव होतं, गाव होतं, वडील मजुरी करतात असं होतं. शहरातल्या एखाद्या डॉक्टरच्या मुलीनं हेच लिहिलं असतं, तर मी फोटोसकट चौकटीत छापलं असतं. वर तिच्या बापाला फोन करून अभिनंदन केलं असतं.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गुरुजी भांडले नाहीत. "शनिवारी तिला घेऊन येतो. तुमच्यासमोर लिहील," एवढंच म्हणाले.

आणि खरंच घेऊन आले. शाळेचा गणवेश, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, हातात कंपासपेटी.

मी तिला टेबलासमोर बसवलं. विषय दिला, 'माझं शहर'.

तिला शहर नव्हतंच.

दोन बातमीदार चहा पीत बाजूला उभे होते. तिला का बसवलंय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यातलं कोणीतरी हसलं. मीही थोडा हसलो.

अर्धा तास गेला. कागदावर फक्त तिचं नाव आणि इयत्ता.

मी गुरुजींकडे बघितलं. कसं बघितलं ते मला चांगलं आठवतं. बघा, मी म्हणालो नव्हतो का, असं.

गुरुजी उठले. "चल बाळ, गाडी निघंल," म्हणाले. मला नमस्कार केला आणि गेले.

त्यानंतरही ते येत राहिले, दुसऱ्या मुलांचं लिखाण घेऊन. आता प्रत्येक लेखामागे खाडाखोडीचं कच्चं पान जोडलेलं असायचं आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा दाखला. मला ते इतकं आवडलं की मी सगळ्यांसाठीच तो नियम केला. माझ्या शिस्तीचा गुण लागला, असं मी चारचौघांत सांगायचो.

प्रज्ञाचं मात्र पुन्हा काही आलं नाही. मी विचारलंही नाही.

काल गुरुजींच्या अंत्यविधीला गेलो होतो. निघताना एक बाई पुढे आली. "सर, ओळखलं का? मी प्रज्ञा." आता तीही शिक्षिका आहे, तिकडेच.

मी मान हलवली. तीच म्हणाली, "सर, तुमची माफी मागायची राह्यली होती."

"माझी? कशाबद्दल?"

"तुम्ही एवढी संधी दिल्ती. गुरुजी म्हणले होते, साहेबांना तुझं लिखाण लई आवडलं, तुला लिहिताना बघायचंय त्यांना. आन् मला एक ओळ सुचली न्हाई. गुरुजींची मान माझ्यामुळं खाली गेली. मंग मी लिहिणंच सोडलं."

म्हणजे गुरुजींनी तिला माझा संशय कधी कळूच दिला नाही. आपल्या पोरीला कोणी चोर म्हणालं, हे तिच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी मला मोठं केलं.

आणि ती पोर माझी लाज पंधरा वर्षं स्वतःची समजून वागवत होती.

मी काय केलं? "असू दे, होतं असं कधीकधी," म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो.

तिला माफ करून आलो मी. गुरुजींच्या दारात.

रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, पण गाडी काही मागे वळवली नाही. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

प्रज्ञा, तुला बोलावलं होतं ते तू लेख चोरलास असं धरून. तो लेख तुझाच होता आणि फार चांगला होता. त्या दिवशी तुला काही सुचलं नाही, कारण मी तुला काही सुचूच दिलं नाही. तुझ्यामुळे गुरुजींची मान कधीच खाली गेली नाही.

अशी पोस्ट लिहून माफी मागणं सोपं असतं. समोर तू नसतेस. म्हणून शनिवारी मी तुझ्या शाळेत येतोय, हेच तोंडानं सांगायला. भेटायचं नसेल तर तसं सांग, मी फाटकातून परत जाईन. माफ करच असं मी म्हणणार नाही. फक्त लिहिणं सोडलंस त्यात तुझी काही चूक नव्हती, एवढं माझ्याकडून ऐकून घे.

गुरुजी, तुम्ही मला एकदा तरी रागवायला हवं होतं.

तुम्हाला श्रद्धांजली वाहायला आज मला तोंड नाही. नुसता नमस्कार करतो.