कातिणीचा कौल

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर पत्र्याच्या चाळी एकमेकींच्या खांद्यावर पाय देऊन चढत गेल्या होत्या. त्यांतल्या अगदी वरच्या चाळीत लवू घाडी राहायचा. माणूस काटक, बोलणं कमी, आणि हात मात्र असे की बघणाऱ्याची नजर आधी हातांवरच जावी. लांब बोटं, रुंद तळवा. वीस वर्षं लेथवर काम करून त्या तळव्याला ताशीव दगडासारखा गुळगुळीतपणा आला होता.

लवू कुडाळच्या पल्याडचा. त्याचा बाप गावच्या देवळात कौल घ्यायचा. पाषाणाच्या अंगावर ओले तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवीकडचा तांदूळ आधी पडला तर देव हो म्हणाला, डावीकडचा पडला तर नाही. कुणाचं लग्न, कुणाची विहीर, कुणाचा बांध, सगळं त्या तांदळावर ठरायचं. कधी कधी तांदूळ हलायचाच नाही. ऊन माथ्यावरून कलायचं, म्हातारी माणसं खांबाला टेकून पेंगायची, पण बाप मांडी मोडायचा नाही. "कौल मागून उठूचा नाय," तो म्हणायचा. "इचारलंस मां? मग आयकान जा."

तो मान थोरल्या भावाकडे गेला आणि लवू मुंबईला आला. साकीनाक्याच्या एका कारखान्यात आधी झाडू मारला, मग तेल घातलं, मग टर्नर झाला. टूलाखालून लोखंडाची साल कुरळी होऊन निघायला लागली की त्याला भूक आठवायची नाही. लग्न झालं, शेवंती आली. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी एकमेकांना न सांगता वाटून घेतलं होतं.

पंच्याहत्तर साल उजाडायच्या आत मालकाने कारखान्याला कुलूप लावलं. मशिनं टेम्पोत चढली तेव्हा लवू रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होता. आपल्या लेथवर कुणीतरी गोणपाट टाकलंय, एवढंच त्याने घरी येऊन शेवंतीला सांगितलं.

मग बेकारीचे दिवस सुरू झाले. शेवंती अगरबत्तीच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. लवू रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून साकीनाक्याला जायचा, एकेका गाळ्याच्या दारात उभा राहायचा आणि दुपारी परत यायचा. सगळीकडे पोरं होती, स्वस्तातली. हळूहळू त्याने साकीनाका सोडला, मग शर्ट धुणं सोडलं. माणूस बेकार झाला की पहिल्यांदा त्याचे हात म्हातारे होतात. लवूचे हात मांडीवर पडून असायचे, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखे.

त्या दिवसांत आरे कॉलनीत गटाराचे चर खणायचं रोजंदारीचं काम मिळालं. एका मातीच्या दरडीत त्याला भोक दिसलं. तोंडाशी पांढरं रेशीम विणलेलं. बाजूची माती ढासळली आणि आतून ती बाहेर आली. कातीण. पण घराच्या कोपऱ्यात जाळं विणते तसली नव्हे. पंज्याएवढी, अंगभर केस, रंग जांभ्या दगडाचा. बाकीचे मजूर मागे सरले. एकाने फावडं उचललं. कातिणीने पुढचे दोन पाय वर उचलले आणि काटे घासल्यासारखा आवाज केला.

"मारू नको," लवू म्हणाला, आणि आपला जेवणाचा डबा रिकामा केला.

घरात काचेची मोठी बरणी होती, तिच्यात माती घातली, नारळाची करवंटी पालथी ठेवली. झुरळांची चाळीत कमतरता नव्हती. बरेच दिवस त्याने नुसतं पाहिलं. ती कधी चिडते, कधी शांत असते, फुंकर मारलेली तिला खपत नाही, वरून बोट आणलं की ती पाय उचलते पण खालून तळवा पसरला तर आपण होऊन चढते. असं बघत बघत एक दिवस तिने पहिला पाय त्याच्या तळव्यावर ठेवला. मग दुसरा. तिचं वजन जवळजवळ नव्हतंच, तरी लवूला वाटलं, फार दिवसांनी आपल्या हातात काहीतरी आहे.

तो तिला हातात घ्यायचा तो जमिनीवर मांडी घालून, खाली घडीची गोधडी पसरून. तिचं पोट पिकलेल्या फळासारखं नाजूक आहे, पडली तर फुटेल, हे त्याने बघूनच ओळखलं होतं.

शेवंतीला ते सोसत नसे. "चावली तर काय करतलास?"

"चावाची नाय."

"तिना काय तुमका लिवन दिल्यान हा?"

शेजारच्या खोलीतला दादू दारात उभा राहून हसायचा. तो बसच्या डेपोत क्लीनर होता, तोंडाने तिखट. "वैनी, घोव बिडी पीत नाय, दारू पीत नाय, एक सवत ठेवल्यान, ठेव दे गो. आठ पाय आसले तरी पळान खय जातली?"

त्याच दादूमुळे कौलाचं सुरू झालं. त्याच्या बदलीचं चाललं होतं. एकदा तो थट्टेनेच म्हणाला, "घाड्या, तुझ्या ह्या देवीक इचार रे, माझी बदली होतली काय?" लवूने कातीण तळव्यावर घेतली. अंगठ्याकडे गेली तर उजवा, करंगळीकडे गेली तर डावा. ती थांबली, मग अंगठ्याकडून मनगटावर उतरली. पुढच्याच आठवड्यात दादूची जवळच्या डेपोत बदली झाली.

चाळीत सगळी कोकणचीच माणसं. गावचा देव लांब राहिला होता, आणि प्रश्न तर इथेही पडतच होते. कोपऱ्यातल्या कृष्णाबाईने नातीच्या स्थळाचं विचारलं. कुणी गावच्या जमिनीचं विचारलं, कुणी दुखण्याचं. लवू कुणाकडून काही घेत नसे. नारळ आणला तर फोडून सगळ्यांना वाटायचा. पण गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज बापासारखा व्हायचा, दारात जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायची, आणि तेवढा वेळ तो बेकार नसायचा. शेवंतीने हे ओळखलं आणि ती बोलायची थांबली.

अशी दीड-दोन वर्षं गेली. एका सकाळी कुंडलिक आला. साकीनाक्याला शेजारच्या लेथवर असायचा तो. आता अंधेरीच्या एका नव्या कारखान्यात टूलरूमला लागला होता.

"लवू, ऊठ यार. आमच्याकडे टर्नर पाहिजे. उद्या सकाळी टेस्ट आहे. मी साहेबाला सांगून ठेवलंय, म्हटलं, असा हात बघितला नसेल तुम्ही. एक शाफ्ट काढून दाखवायचा, बस. झकास नोकरी आहे, कायमची."

"उद्याच?"

"मग काय मुहूर्त काढू तुझ्यासाठी? ये नक्की. नाहीतर माझी वाट लावशील."

तो गेल्यावर शेवंतीने ट्रंकेतून शर्ट काढला आणि धुवायला घेतला. पिळताना तिचे डोळे भरून आले. कायमची हा शब्द त्या घरात फार दिवसांनी उच्चारला गेला होता. ती दोरीवर शर्ट टाकून कामाला गेली.

लवू एकटा राहिला. त्याने उजवा हात समोर धरला. दोन वर्षांत त्या हाताने मायक्रोमीटर धरला नव्हता. साहेब मागे उभा राहील. पोरं बघतील. माप चुकलं तर कुंडलिक मान खाली घालेल. आणि शेवंतीला येऊन काय सांगायचं? नोकरी नाही, हे सांगायची सवय झाली होती. माझा हात गेला, हे कसं सांगायचं?

चाळभर लोकांना दिलेला कौल त्याने स्वतःसाठी कधी घेतला नव्हता. आज घ्यावासा वाटला.

कातीण काही दिवस खात नव्हती. टाकलेलं झुरळ तसंच फिरत होतं. तिचा जांभा रंग मळकट, निस्तेज झाला होता. ती कात टाकायच्या बेतात होती, आणि अशा वेळी तिला शिवायचं नसतं. पण हे लवूला कोण सांगणार? गावात कातिणीला कुणी पाळत नाही.

गोधडी शेवंतीने शर्टाबरोबर धुऊन वाळत टाकली होती. तो तसाच उघड्या फरशीवर बसला. कातीण तळव्यावर यायला तयार नव्हती. त्याने करवंटी उचलली आणि तिला खालून हळूच सारून घेतली. मग डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, उद्या जाव का नको, तां सांग."

ती हलली नाही.

त्याने वाट बघितली. बाहेर नळावर भांड्यांचा आवाज झाला, थांबला. ती दगडासारखी बसून होती. तिला खाली ठेवावी, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण कौल मागून उठायचं नसतं. त्याच्या खांद्यात कळ यायला लागली. कळ कमी व्हावी म्हणून त्याने हात हळूहळू उचलून छातीपाशी धरला. शेवटी डाव्या हाताच्या बोटाने त्याने तिच्या मागच्या पायाला किंचित स्पर्श केला.

"सांग गो माये," तो म्हणाला.

तिने पुढचे पाय उचलले. तो काटे घासल्याचा आवाज आला, आणि अंगठ्याच्या बुडाशी जळता खिळा घुसावा तसं झालं. हात आपोआप झटकला गेला. ती फरशीवर पडली. पडल्याचा आवाजही फारसा झाला नाही. पोट फुटलं होतं. पाय एक एक करून आत दुमडले गेले, मूठ मिटावी तसे.

लवू हात धरून तिच्याकडे बघत राहिला.

दादूनेच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने जखम धुतली, सुई टोचली. "गांधीलमाशी चावल्यासारखं समजा. आजचा दिवस दुखेल, सूज उद्यापर्यंत उतरेल. घाबरायचं कारण नाही."

संध्याकाळी शेवंती आली तेव्हा चाळ दारात जमली होती. कृष्णाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "देवान नको म्हटल्यान गो. इतको साफ कौल मी जल्मात बघूक नाय."

शेवंती वाट काढत आत गेली. तिने मीठ-पाण्याचा शेक दिला, आणि सकाळी उठल्याबरोबर त्याचा हात उजेडात नेऊन बघितला. सूज ओसरली होती. दोन लाल ठिपके तेवढे होते.

"मूठ करा बघया."

त्याने मूठ केली. उघडली. पुन्हा केली. दुखत होतं, पण बोटं वळत होती.

"जाशात," ती म्हणाली. "शर्ट सुकलो हा."

"कौल डावो इलो शेवंती."

"ती मुक्या जनावर. तिका तुमी डिवचलास, ती चावली. ह्येच्यात देव खय इलो?"

लवू भिंतीकडे तोंड करून पडला. मनात खोल कुठेतरी त्याला हायसं वाटत होतं. देवाने अडवलं, आता जायला नको, कुणाच्या समोर हात काढायला नको. ते हायसं वाटणं त्याचं त्यालाच दिसलं आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. शेवंती शर्ट हातात धरून उभी होती. खाली रस्त्यावर कारखान्यांचे भोंगे झाले. मग तिने शर्टाची घडी घातली.

कुंडलिक दोन दिवसांनी आला, दारातूनच बोलला. "दुसरा घेतला रे त्यांनी. तुझ्या निम्म्या हाताचा नाही." कातिणीची हकिकत त्याने ऐकली. "साहेबाला सांगू तरी काय मी? कीटक चावला?" त्यानंतर तो पुन्हा आला नाही.

चाळीत लवूचा मान वाढला. ज्याला देव एवढं रोखठोक सांगतो, तो साधा माणूस नव्हे, असं लोक म्हणायला लागले. दादूसुद्धा थट्टा करेनासा झाला. वाटेत भेटला की लोक नमस्कार करायचे आणि नोकरीचं कुणी विचारायचं नाही. देवानेच नाही म्हटल्यावर माणसाने काय विचारायचं?

शेवंती सकाळी डबा भरून कामाला जायची. निघताना ती चपला घालून दारात क्षणभर थांबायची, त्याच्याकडे बघायची. तो मांडीवर हात ठेवून बसलेला असायचा. पूर्वी ती म्हणायची, साकीनाक्याकडे एक फेरी मारून या. आता ती तसं म्हणत नसे. नुसतं दार ओढून घ्यायची, आणि तिच्या चपलांचा आवाज टेकडी उतरत जायचा.