गाठ मी बांधली होती

पेढ्यांचा पुडा मी दोन्ही हातांनी धरला होता. पाव किलोचा. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मिठाईवाल्यानं बांधून दिलेली दोरी सैल होती, म्हणून घरी येऊन मी ती काढून टाकली आणि माझी लाल रिबीन बांधली. शाळेत वेणीला बांधायची तीच. दहावी झाली, आता रिबिनीचं काय काम? दुहेरी गाठ मारली, वर फूल काढलं.

मी पहिल्या वर्गात पास झाले होते. माय म्हणाली, "काकूला पेढे दिऊन ये बाई. त्यांच्या पुस्तकावर शिकलीस तू."

काकू म्हणजे काचीगुड्यातल्या वकिलांच्या घरची बाई. जुनं घर, पिढ्यान्‌पिढ्या वकिली आणि सरकारी नोकऱ्या. माय त्यांच्याकडे भांडी घासायची, संडास धुवायची. मागच्या गल्लीतून आत, मागच्या गल्लीतून बाहेर. आमची जात काकूंना तोंडपाठ होती. माझं नाव त्यांना दर वेळी विचारावं लागायचं.

मी मागच्या दारात उभी राहिले. काकू आल्या.

"अगं बाई! पास झालीस? छान हो, छान."

मी पुडा पुढे केला. त्यांचा हात काही पुढे आला नाही.

"ठेव तिथं कट्ट्यावर. माझे हात ओले आहेत."

हात कोरडे होते. मला दिसत होते. कट्टा म्हणजे माय भांडी घासायची तो. मी राखेचं डबडं बाजूला सरकवलं आणि पुडा ठेवला. फूल चुरगळू नये म्हणून जपून ठेवला. येताना मला आनंदच झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून मी मायच्या हाताखाली गेले. काम संपलं तेव्हा काकूंनी दारातूनच एक पिशवी खाली सोडली. मायनं ती झेलली. "उरलंसुरलं आहे गं. जाता जाता गाईला घाल."

स्टेशनच्या अलीकडे भाजीवाल्यांपाशी गाई उभ्या असायच्या. मायनं पिशवी उलटी केली. शिळा भात पडला. दुधीची सालं पडली. आणि माझा पुडा पडला. लाल रिबीन, दुहेरी गाठ, वरचं फूल, सगळं जसंच्या तसं. कुणी उघडलंच नव्हतं.

"माय, हा आपला पुडा."

मायनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली वाकली, कागद बाजूनं फाडला, पेढे गाईपुढे ठेवले. म्हणाली, "गाईच्या मुखी गेलं. वाया नाही गेलं. चल."

माय त्या घरात पुढे अकरा वर्षं कामाला जात होती. त्यानंतर मी पेढा खाल्ला नाही. कुणी दिला की म्हणते, मला गोड चालत नाही.

काकूंना एक मुलगी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला मी ताई म्हणायची, ज्यांच्या घरचं खरकटं आपण काढतो त्यांच्या मुलीला दुसरं काय म्हणणार? ती इंग्लंडला शिकायला गेली, मोठी पदवी घेऊन आली, तिथल्याच विद्यापीठाची पीएच.डी. करायचं ठरवून आली. विषय काय निवडला? दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाया. वा रे वा! मायनं हे ऐकलं तेव्हा म्हणाली, "त्याच्यात शिकायला काय आहे? या म्हणावं एक दिवस झाडू घेऊन."

पण ताईला बायांशी बोलता येत नव्हतं. तेलुगू मोडकंतोडकं, इथली दखनी उर्दू घाबरत घाबरत, आणि मराठी घरात बोलायची पण वाचताना अडखळायची. मी तोवर बी.ए. होऊन एका ऑफिसात टायपिंग करत होते. तिन्ही भाषा मला येतात, गल्लीनं शिकवल्या. ताईनं फोन केला. "तुझ्याशिवाय हे होणार नाही गं." मी नोकरी सोडली आणि चिक्कडपल्लीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जाऊ लागले. पुढच्या दारानं. त्याचंच मला केवढं कौतुक!

दारोदार फिरले. मुलाखतीच्या आधी प्रत्येक बाईला सहमतीपत्र वाचून दाखवायचं, मग सही नाहीतर अंगठा. त्यात एक कलम होतं. ते मी इतक्यांदा वाचलं की झोपेतसुद्धा म्हणेन. मला कधीही, कोणतंही कारण न देता, यातून बाहेर पडता येईल. उर्दूवाल्या बाईला म्हणायची, "कब बी नक्को बोल सकते अम्मा, कोई वजा नै पूछते." तेलुगूवालीला तेच म्हणायची, "एप्पुडैना वद्दनोच्चु." बाया हसायच्या. नको म्हणायची सवय कुणाला आहे इथं? एक सोडली तर कुणीच नको म्हणालं नाही.

त्या एकीला तिच्या नवऱ्यानं अडवलं. तिचा नंबर चौदा. ताई म्हणाली, "जागा रिकामी नको राहायला. चौदावी तू हो ना. लहानपणापासून मायबरोबर कामाला जायचीस की."

मी सही केली. ताईनं रेकॉर्डर चालू केला. आणि मी पुड्याची गोष्ट सांगितली. कट्टा सांगितला, राख सांगितली, गाय सांगितली, रिबीन सांगितली. मायला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. रडले. आणि शेवटी म्हणाले, "ताई, ते घर तुमचं."

ताईनं रेकॉर्डर बंद केला. मग माझ्या हातावर हात ठेवला. "मला आठवत नाही गं. मी क्लासला असेन तेव्हा. पण तू सांगितलंस, केवढं धाडस आहे तुझं." मी त्यावरसुद्धा खूश झाले. बघा माझी अक्कल! माफी नव्हती ती, शाबासकी होती. ती मी घेतली आणि दुसऱ्या दिवशी नव्या बाईच्या दारात कागद घेऊन उभी राहिले.

प्रबंध झाला. ताईच्या नावापुढे डॉक्टर लागलं, ऑफिसाची बायांसाठीची संस्था झाली, मी तिथंच कामाला राहिले. मग गेल्या वर्षी तिच्या विद्यापीठाकडून पत्र आलं. तिथं शिकून आपापल्या देशात नाव काढलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना ते पुरस्कार देतात. धंद्याचा वेगळा, कलेचा वेगळा, समाजकार्याचा वेगळा. भारतातला कार्यक्रम त्या वर्षी हैदराबादला. समाजकार्यात शेवटच्या तिघांत ताई. ऑफिसात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

मग ताई म्हणाली, प्रत्येक उमेदवाराबरोबर एकीनं दोन मिनिटं बोलायचं असतं. ज्यांच्यावर काम केलं त्यांच्यातली एक. "तूच बोल. पुड्याची गोष्ट सांग. मी इंग्रजीत सांगत जाईन. हॉल रडेल बघ."

मी म्हणाले बोलते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्या मोठ्या हॉटेलात सराव होता. कुणी कुठून चढायचं, कुठं थांबायचं, फोटोला कुठं बघायचं, असला सराव. कानात यंत्र घातलेली एक मुलगी सगळ्यांना हाकत होती. ताईनं माझ्या हातात एक कागद दिला. माझं भाषण. तिनं लिहिलेलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तिला तसंच लिहिता येतं.

अक्षर अक्षर लावत मी वाचलं. मी एक गरीब मुलगी होते. ठीक. माझी आई घरकाम करायची. ठीक. जुन्या शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या घरात आम्हाला फार वाईट वागवलं जायचं.

मी परत वाचलं. व्यापारी. जुनं शहर.

"ताई, हे कुठलं घर? मी पेढे तर तुमच्याकडे नेले होते."

"अगं, ते गोपनीयतेसाठी असतं. प्रबंधातही तसंच आहे. नावगाव बदलायचं, नियमच आहे."

"कुणाच्या गोपनीयतेसाठी? माझं तोंड तर इथं दिवे लावून दाखवणार आहात."

ताईनं इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल. आई आलीय. पुढच्या रांगेत बसणार आहे ती. तिचं बीपी माहितीय ना तुला? फक्त 'एका घरात' म्हण. व्यापारी नको तर नको. एका घरात, एवढंच."

अंगाची लाही झाली माझ्या. माझी गोष्ट, माझी रिबीन, माझी माय, आणि घर मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी माथी. ज्या व्यापाऱ्यानं माझं काही केलं नाही त्याच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायला हातसुद्धा माझाच हवा.

काकू खरंच आल्या होत्या. पैठणी नेसून, काठी टेकत, आपली खुर्ची बघायला. बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. माझ्याजवळ आल्या, माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदा नाव न विचारता बोलल्या.

"इतकी वर्षं मनात धरून बसलीस? अगं, पेढा तो केवढा!"

त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्या आईला आम्ही घरच्यासारखं वागवलं हो. विचार तिला."

"काकू, घरच्यांचे पेढे तुम्ही कट्ट्यावर ठेवायला सांगता?"

ताईनं माझा दंड धरला. कानात यंत्र घातलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, आप की बारी है, दो मिनट."

मी मंचावर चढले. हॉल रिकामा होता, खुर्च्यांना पांढरी कापडं घालत होते. माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मला कधीही, कोणतंही कारण न देता, यातून बाहेर पडता येईल."

"हे काय?" खालून ताई.

"सहमतीपत्र. तुमचंच. चौदा नंबर बाहेर पडतेय. माझी गोष्ट आज सांगायची नाही, उद्या सांगायची नाही, कुठंच सांगायची नाही."

"तू माझं वाटोळं करतेयस. आणि कशासाठी? आपण एकत्र काम करतो ना? आपल्या माणसाशी कुणी असं वागतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून माणूस गप्प बसतो. पण त्याला ते आधी आपले असावे लागतात. मी तिला म्हणाले, "ताई, एका वाक्याचं काम आहे. आज संध्याकाळी तुम्ही म्हणा, ते घर माझं. मी शेजारी उभी राहते, सगळं सांगते."

ताईनं काकूंकडे बघितलं. काकूंनी काठीकडे बघितलं. मी कागद माईकखाली ठेवला आणि उतरले. बाहेर येऊन रिक्षात बसले तोवर समजलं की नोकरी गेली. गेलीच.

घरी आले. माय चहा गाळत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल झालं गेलं, कशाला उकरलंस. तिनं चहा दिला. स्वतःच्या कपाला हात लावला नाही.

"गाठ मी बी बघितली होती," ती म्हणाली. "म्हणून तर कागद बाजूनं फाडला. तू बांधलेली गाठ सोडायला हात झाला न्हाई माझा."

"मग गेलीस कशी परत? अकरा वर्षं?"

"तुझं कालेज काय गाय भरणार होती का?" माय म्हणाली. ओरडलीच. मग रडली. मायला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला काकूंचा नाही, माझाच राग आला. कारण हीच गोष्ट मी रेकॉर्डरला सांगितली होती, ताईला सांगितली होती, पण मायला कधी विचारली नव्हती.

पुरस्कार ताईलाच मिळाला. माझ्या जागी एक फिल्म दाखवली म्हणे. पेपरात फोटो आला, हातात काचेचं मानचिन्ह, शेजारी पैठणी. मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, माझ्या इंग्रजीत, माझ्या नावानं. चौदा नंबर मी आहे आणि मी बाहेर पडते. घर व्यापाऱ्याचं नव्हतं, काचीगुड्यातलं होतं, आणि तुम्ही जिचा सत्कार केला तिचं होतं. उत्तर आलं. प्रबंध छापून झाला आहे, त्यात बदल करता येत नाही. मात्र यापुढे आपली मुलाखत कुठे वापरली जाणार नाही. घराबद्दल एक अक्षर नाही.

त्यांनी नाही लिहिलं तर नसू दे. मी लिहितेय.

आणि मी परत त्या बायांच्या दारात जातेय. ताईच्या वतीनं नाही, माझी मी. कारण त्यांचे अंगठे मीच घेतले होते, घाईघाईनं, पुढचं घर गाठायचं म्हणून. आता तेच कलम परत वाचते, सावकाश. कुणाचं नाव लपवलं ते सांगते. काल एक उर्दू बोलणारी अम्मा म्हणाली, "सच्ची नक्को बोल सकते?" मी म्हणाले, "हौ अम्मा, मैं नक्को बोल को आई." तिनं विचारलं, मग तुला काय केलं त्यांनी? मी म्हणाले, नोकरी गेली. ती आत गेली, चष्मा घेऊन आली आणि म्हणाली, परत वाच, पहिल्यापासून.

मी पहिल्यापासून वाचलं. उद्या पुढच्या दारात वाचणार आहे. आणि कुणी विचारलं की कुठल्या घरातली गोष्ट, तर घर सांगणार आहे, गल्ली सांगणार आहे, दार सांगणार आहे. 'एका घरात' हे दोन शब्द माझ्या तोंडून आता कुणाला मिळणार नाहीत.