चौथ्या क्वार्टरची किल्ली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगायला लागल्यावर हसलात तर मी उठून जाईन, आणि चहाचे पैसे तुमचे तुम्ही द्या. जे झालं ते दुसऱ्या कुणाचं असतं तर मीसुद्धा पदर तोंडात कोंबून हसले असते. पण झालं माझं! हुबळीत, विद्यानगरात, दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, भरलेल्या टेम्पोसकट.

मी चौथी पास. लपवत नाही, लपवून कुणाला फसवणार? मराठी शाळेत चौथी झाली आणि अप्पा म्हणाले, पुरे. अप्पा रेल्वे वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा गडी. आम्ही सगळी भावंडं रेल्वेच्या क्वार्टरात वाढलो. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं लिंबाचं झाड, दारावर पांढऱ्या रंगात नंबर. त्यामुळं माझ्या डोक्यात क्वार्टरचे अर्थ दोनच. ‘ते’ क्वार्टर म्हणजे घर. ‘ती’ क्वार्टर म्हणजे बाटली. दुसरा अर्थ लग्नानंतर आमच्या ह्यांनी शिकवला. तिसरा असतो, हे मला चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

आमचे हे पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. वीस वर्षं धाडधाड धाडधाड. मग एक दिवस कारखान्यात व्हॅन आली. कामगारांना रांगेत उभं केलं, कानाला हेडफोन लावला, नळीत फुंकर मारायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. ह्यांच्या कागदावर लिहून आलं, अनफिट. वीस वर्षं त्या मशिनीनं कान खाल्ले तेव्हा कुणी विचारलं नाही. खाऊन संपल्यावर मात्र कागद आला.

आणि मी आता कामाला कुठं आहे? त्याच व्हॅनवाल्यांच्या कंपनीत! हो, त्याच. कारखान्यातल्या लोकांची तब्येत तपासणारी कंपनी, ऑफिस विद्यानगरात. झाडलोट माझी, चहा माझा, व्हॅनमधल्या चादरी धुणं माझं. लोक म्हणतात, तुला लाज नाही वाटत? वाटते की. पण लाजेला फोडणी घालून जेवता येत नाही.

आता खरं दुखणं ऐका. आम्ही केशवापुरात गंगव्वाच्या मागच्या खोलीत राहतो. ह्यांना ऐकू येत नाही, म्हणून टीव्ही मोठ्यानं. टीव्ही मोठ्यानं, म्हणून गंगव्वाचं डोकं तापलेलं. रोज सकाळी दारात येऊन कानडीतनं सुरू, “मनि खाली माड्री!” म्हणजे घर खाली करा. दोन महिने मी खोल्या बघत हिंडत होते. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, मग हे बोलायला तोंड उघडायचे. ह्यांचं साधं ‘नमस्कार’ तीन घरं पलीकडं ऐकू जातं. खोली तिथंच संपायची.

अशा वेळी, जानेवारीच्या सुरवातीला, मी ऑफिसात फरशी पुसत होते. आत डॉक्टरसाहेब आणि हिशेब बघणारे देशपांडे अण्णा बोलत होते. दोघं कानडी-मराठी मिसळून बोलतात. मला दोन्ही येतं. घोळ झाला तो मधेमधे टाकलेल्या इंग्रजीत.

साहेब म्हणाले, “तिसरं क्वार्टर बसलं हो, अण्णा.”

माझा हात थांबला. क्वार्टर? आमच्या कंपनीची क्वार्टर्स आहेत? आणि मला कुणी सांगितलं नाही?

“दुसरं पावसात गेलं,” अण्णा म्हणाले. “तिसरं दिवाळीत बसलं. चौथ्याची मात्र काळजी नाही. चौथं नेहमीच भक्कम असतं.”

आता तुम्हीच सांगा. एक पावसात गेलं, एक दिवाळीत बसलं, एक भक्कम आहे. यात घराशिवाय दुसरं काय डोळ्यांपुढं येतं? मला तर भिंती दिसायला लागल्या. दुसऱ्याला ओल आलेली, तिसऱ्याचं छप्पर खाली आलेलं, आणि चौथं आपलं ताठ उभं!

दुपारी चहा द्यायच्या निमित्तानं अण्णांपाशी गेले. अण्णांची मान कॉम्प्युटरात.

“अण्णा, ते चौथं क्वार्टर चांगलं आहे म्हणे?”

“एकदम चांगलं.”

“आणि पहिलं?”

“पहिलं गेलं की कधीच.”

म्हणजे पहिलं कुणीतरी आधीच लाटलं. असणार साहेबांच्या मेव्हण्यानं, दुसरं कोण! मी तिथंच उभी. अण्णा स्वतःशीच पुटपुटले, “चौथ्याचा आउटलुक लिहायचा राहिलाय.”

“आउटलुक म्हणजे काय हो, अण्णा?”

“पुढं काय दिसतंय, ते.”

“समोर?”

“हां, समोर.”

“मग चौथ्याच्या समोर काय दिसतंय?”

“चांगलं दिसतंय, अक्का. अडथळा काही नाही. निम्मं तर आत्ताच भरलंय. साखर कमी घालत जा जरा.”

साखर गेली चुलीत! निम्मं भरलंय? म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर, एक्स-रे काढणारा, ती रक्त काढणारी पोरगी, सगळे गुपचूप खोल्या धरून बसलेत, आणि मी अडाणी बाई फरशी पुसतेय!

शनिवारी मोठी मीटिंग. बेंगळूरचे मोठे साहेब भिंतीवरच्या टीव्हीत आलेले. ऑफिसातले सगळे खुर्च्यांवर ओळीनं, तोंडं अशी की जणू पोटात मुरडा. मी चहाचा ट्रे घेऊन आत शिरले. मुद्दाम सावकाश कप ठेवत होते.

टीव्हीतले साहेब इंग्रजीतनं बराच वेळ रागावले. मग आमच्या डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांकडं बघून विचारलं, “तिसऱ्याचं जे झालं ते झालं. चौथ्या क्वार्टरची जबाबदारी कोण घेणार?”

कुणी हात वर करेना! सगळ्यांच्या माना खाली. ड्रायव्हर आपल्या चपलेकडं बघतोय, एक्स-रेवाला छताकडं. मी मनात म्हटलं, शिकलीसवरली माणसं असलीच. भक्कम घर समोरून देतायत आणि ह्यांना घेता येत नाही.

“मी घेते!”

ट्रेमधले कप खडखडले. सगळे वळून बघायला लागले.

“मी घेते, साहेब. दुसऱ्या कुणाला देऊ नका. लख्ख ठेवते की नाही बघा!”

मग टीव्हीतल्या साहेबांनी काहीतरी विचारलं. डॉक्टरसाहेबांनी हसत माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगितलं. आणि ते बेंगळूरचे साहेब, देवाशप्पथ सांगते, टाळ्या वाजवायला लागले! त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मग ते बोट नाचवत म्हणाले, “ओनरशिप! ओनरशिप! ओनरशिप!”

आता ओनरशिप हा शब्द मला माहीत होता! कोणाला माहीत नाही? हुबळीत नवी बिल्डिंग उठली की पाटी लागते, ओनरशिप फ्लॅट. म्हणजे नुसतं राहायला नाही. कायमचं! मालकीचं! तेही तीनदा सांगितलं, टाळ्या वाजवून, दहा माणसांसमोर. मी डोळ्यांना पदर लावला. साहेबांना वाटलं असेल, बाईचं कंपनीवर किती प्रेम.

घरी गेले ती सरळ गंगव्वाच्या स्वयंपाकघरात. ती भाकरी थापत होती.

“गंगव्वा, सोमवारी खोली खाली करतेय.”

“खरं? कुठं मिळाली?”

आता ‘मिळाली एक’ म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला कधी लगाम होता? नऊ वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. पाणी तासभरच सोडतेस ते, विजेवरनं टोचून बोलतेस ते, पाहुणे आले की त्यांच्या चपला मोजतेस ते.

“आणि ऐक, ओनरशिप आहे, ओनरशिप! कंपनीनं दिलंय. समोर सगळं मोकळं. तुझ्या खोलीतनं काय दिसतं ग? तुझी वाळत घातलेली लुगडी!”

“साकु, साकु!” ती पिठाच्या हातानं कपाळ बडवत म्हणाली. “पुरे ग बाई. जा. नव्या घरात तरी जरा हळू बोल.”

आमच्या ह्यांना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, ‘कंपनीनं घर दिलं.’ ह्यांनी तीनदा वाचलं. म्हणाले, “माझ्या कानांच्या बदल्यात?”

मी मान हलवली, हो म्हणून. खोटंच, पण त्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते तुम्ही बघितलं नाहीत. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून टीव्ही बंद ठेवला.

सोमवारी सकाळी टेम्पो. कपाट, गादी, पिंप, स्टोव्ह, देवांचा डबा, आणि गादीवर आमचे हे, मांडीवर टीव्ही धरून. टेम्पो ऑफिसासमोर लावला. मी आत गेले आणि देशपांडे अण्णांपुढं हात पसरला.

“द्या.”

“काय?”

“किल्ली.”

“कसली किल्ली?”

“चौथ्या क्वार्टरची! साहेबांनी शनिवारी दिलं की मला. तुमच्यासमोर.”

अण्णांनी खिडकीतनं टेम्पो बघितला, मग माझ्याकडं बघितलं, परत टेम्पोकडं बघितलं. चष्मा काढून ठेवला. भला माणूस, हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

“अक्का, खाली बसा. क्वार्टर म्हणजे तीन महिने.”

“तीनच महिने राहायचं? मग ओनरशिप कसली?”

“राहायचं नाही हो! तीन महिन्यांनाच क्वार्टर म्हणतात. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्याचे चार तुकडे. पावसात व्हॅन निघाली नाही, म्हणून दुसऱ्यात कमाई कमी. दिवाळीत कारखाने बंद, म्हणून तिसऱ्यात कमी. आता मार्चच्या आत सगळ्या कारखान्यांना तपासणीचे कागद लागतात, म्हणून चौथ्यात जास्त; निम्म्या तारखा आत्ताच भरल्या. एवढंच.”

“आणि ओनरशिप?”

“म्हणजे काम आपलं समजून करायचं.”

“मी दुसऱ्याचं समजून करते होय?”

माझ्या कानांतनं वाफ निघत होती, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

“म्हणजे जितके कान तपासाल तितकी कंपनीची भरभराट?”

“तसंच म्हणा.”

“आणि कान गेलेलाच निघाला तर? त्या माणसाचं पुढं काय?”

“तो आपला विषय नाही, अक्का. आपण फक्त तपासतो.”

बाहेर आले तर टेम्पोभोवती गर्दी. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, समोरचा झेरॉक्सवाला. आमचे हे गादीवरनं ओरडून विचारतायत, “किल्ली मिळाली काय ग?”

आता बहिऱ्या माणसाला हळू आवाजात लाज सांगता येते काय? हात नाचवून बघितलं, कळेना. कागद सापडेना. शेवटी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “घर नाही! क्वार्टर म्हणजे तीन महिने! मी ऐकण्यात चुकले!”

अख्ख्या विद्यानगरानं ऐकलं. पहिल्या खेपेला ह्यांनाच नाही. दोनदा ओरडावं लागलं.

कळल्यावर त्यांनी टीव्ही मांडीवर जरा नीट केला आणि त्यांच्या त्या आवाजात, रस्ताभर ऐकू जाईल असं म्हणाले, “कान माझे तपासले. तुझे तपासायचे राहिले वाटतं.”

हसलात ना? हसा. झेरॉक्सवाला पण हसला. ते पोरगं दुकान बंद करून हसत होतं.

टेम्पोवाला म्हणाला, “अक्का, आता कुठं?” कुठं म्हणजे? जाऊन जाऊन जाणार कुठं! परत केशवापूर. येताना मी पुढं ड्रायव्हरजवळ ऐटीत बसले होते. जाताना मागं पिंपाआड बसले.

गंगव्वा दारात उभी. खोली झाडून, पाण्यानं धुऊन, दार उघडं टाकून ठेवलेली. तिला शनिवारी काय काय बोलले ते सगळं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढं यायला लागलं, आणि तिच्या तर यायलाच नको, तिला पाठ झालेलं असणार.

तिनं टेम्पो बघितला. ह्यांना बघितलं. मला तर बघितलंच नाही, माझ्या डोक्यावरनं बघितलं.

“ओनरशिप कुठं गेली?”

“बसली,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ती कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपत म्हणाली, “एप्रिलला माझी लेक बाळंतपणाला यायची आहे. तिला ही खोली लागणार. तोवर राहा. टीव्हीचा आवाज बंद. मार्च संपला की एक दिवस जास्त नाही. कळलं? तीन महिने.”

तीन महिने! जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मोजून, तंतोतंत, चौथं क्वार्टर!

आणि मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही, जिनं दोन दिवसांपूर्वी ह्याच बाईच्या लुगड्यांचा उद्धार केला होता, त्या मी काय केलं असेल? तिथंच, टेम्पोवाल्यादेखत, वाकून गंगव्वाच्या पाया पडले, आणि मिळालं म्हणून रडले.